सात नावांवर फुली

१९६९ सालच्या मार्चच्या ५ तारखेस अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्याचे सिनेट-सभासद जॉन पास्टोर यांनी, सिनेटच्या दळणवळण उपसमितीचे अध्यक्ष या नात्याने, आरोग्य, शिक्षण व समाजकल्याण खात्याचे मंत्री रॉबर्ट फिंच यांच्या नावे एक खलिता रवाना केला. दूरचित्रवाणीवर रोज संध्याकाळी जो रक्तपात दाखविला जातो त्याने मुलांच्या मनावर व वर्तनावर काही अनिष्ट परिणाम होतो की नाही, आणि होत असल्यास तो कोणत्या स्वरूपाचा, याचा शास्त्रीय निवाडा करण्यासाठी सर्जन जनरल यांनी तज्ज्ञांची एक समिती नेमावी, एवढीच त्यात मागणी होती. पास्टोर हे इटलीतून आलेल्या एका शिंप्याचे चिरंजीव; अंगाने ठेंगणे, आवाजाने खणखणीत आणि वकिलीच्या पेशामुळे उलटतपासणीत मुरलेले. याच गृहस्थांसमोर त्याच वर्षीच्या मेच्या १ तारखेस फ्रेड रॉजर्स नावाचा एक मृदुभाषी कार्यक्रमकर्ता सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या अनुदानाची रदबदली करण्यास आला असता, मुलाला आलेला राग त्याने स्वतःच कसा आवरावा याविषयीचे त्याचे काही मिनिटांचे निवेदन ऐकून या कठोर अध्यक्षांच्या अंगावर शहारे आले, आणि दोन कोटी डॉलर तुम्ही मिळविलेत असे त्यांनी भर बैठकीत सांगून टाकले. म्हणजे मुलांच्या प्रश्नाविषयी त्यांच्या मनात कळकळ होती यात संशय नाही. परंतु कळकळीने नेमलेल्या समित्यांचे पुढे काय होते, हे चौकशी-आयोगांच्या कारभाराशी परिचित असलेल्या आपल्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

मागणीही नवी नव्हती. १९५० साली अमेरिकेतील शंभर घरांपैकी जेमतेम नऊ घरांत असलेली ही पेटी पुढच्या दहा वर्षांत शंभरातील सत्त्याऐंशी घरांत जाऊन बसली, आणि एवढ्या झपाट्याने एवढी सत्ता घराच्या दिवाणखान्यात प्रस्थापित करणारे दुसरे यंत्र त्या काळापर्यंत कोणी पाहिले नव्हते. १९५४ साली बालगुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या सिनेटच्या उपसमितीने, जिच्या कामाशी एस्टेस केफॉव्हर यांचे नाव पुढे कायमचे जोडले गेले, आधी चित्रकथांच्या स्वस्त वह्यांची आणि मग दूरचित्रवाणीची हजेरी घेतली. त्या वेळी प्रक्षेपकांच्या संघाने या विषयावर आपण स्वतः संशोधन करवू असे आश्वासन दिले. सात वर्षांनी कनेक्टिकटचे टॉमस डॉड त्याच उपसमितीच्या अध्यक्षपदी बसून ‘द अनटचेबल्स’सारख्या बंदूकबाज मालिकांचे दप्तर तपासू लागले तेव्हा त्या आश्वासनाचे काय झाले अशी विचारणा झाली, आणि संशोधन झालेले नाही असे निष्पन्न झाले; मात्र नवे आश्वासन तत्काळ हजर करण्यात आले. याच १९६१ सालच्या मेच्या ९ तारखेस केंद्रीय दळणवळण आयोगाचे तरुण अध्यक्ष न्यूटन मिनो यांनी प्रक्षेपकांच्या वार्षिक मेळाव्यात, त्यांच्याच मंडपात उभे राहून, तुमचा हा व्यवसाय म्हणजे एक अफाट उजाड माळ आहे अशा अर्थाचे भाषण केले, ते गाजले, छापले गेले, आणि मालिका होत्या तशाच चालू राहिल्या. डॉड यांचा मामला तर १९६४ नंतर थंडच पडला. पुढे १९६७ साली निवडणुकीच्या निधीचा खाजगी खर्चासाठी वापर केल्याबद्दल खुद्द सिनेटनेच त्यांच्यावर निंदाव्यंजक ठराव केला.

या दोन चौकशांहून आपली चौकशी वेगळी व्हावी म्हणून पास्टोर यांनी जो नमुना डोळ्यांपुढे ठेवला तो तंबाखूचा होता. १९६४ सालच्या जानेवारीच्या ११ तारखेस सर्जन जनरल ल्यूथर टेरी यांच्या समितीने धूम्रपान हे फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण आहे असा निर्णय जाहीर केला होता आणि त्या एका अहवालाने पिढ्यानपिढ्यांचा वाद मिटविला होता. सरकारच्या सर्वोच्च वैद्यकाने एक कार्यकारणभाव असा निःसंदिग्ध शब्दांत सांगितला तर दुसराही सांगता येईल, अशी पास्टोर यांची अटकळ. त्यांतच १९६८च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांचा खून पडला होता. अध्यक्ष जॉन्सन यांनी मिल्टन आयसेनहॉवर यांच्या अध्यक्षतेखाली हिंसेच्या कारणांचा शोध घेणारा राष्ट्रीय आयोग बसविला होता. आणि आपल्या राष्ट्राच्या हातून हे सारे का घडत आहे, या प्रश्नाने सामान्य माणसाची झोप उडाली होती. अशा वेळी दिवाणखान्यातल्या पेटीकडे बोट जाणे अपरिहार्य होते. बोट योग्य दिशेला होते की केवळ सोयीच्या दिशेला, हे तपासण्याची जबाबदारी आता सर्जन जनरल विल्यम स्टुअर्ट यांच्यावर आली.

स्टुअर्ट यांनी तज्ज्ञांच्या संस्थांकडून व विद्यापीठांतून नावे मागविली, त्यांतून चाळीस नावांची यादी तयार केली, आणि ती यादी प्रक्षेपकांच्या राष्ट्रीय संघाकडे व तिन्ही बड्या प्रक्षेपण-कंपन्यांकडे पाठवून, यांपैकी ज्यांच्या निःपक्षपातीपणाविषयी आपल्याला शंका असेल अशांची नावे कळवावीत असे लिहिले. तंबाखूच्या वेळी कारखानदारांना हरकतीची हीच मुभा मिळाली होती, हा या पत्राच्या समर्थनार्थ दिलेला दाखला. दाखला खरा होता, पण अपुरा होता. कारण तंबाखूच्या समितीवर कारखान्यांचा पगारी माणूस कोणी नव्हता, आणि इथे मात्र बारा जणांच्या समितीवर सी. बी. एस. कंपनीच्या संशोधन-विभागाचे जोसेफ क्लॅपर आणि एन. बी. सी.चे टॉमस कॉफिन हे दोन विद्यमान नोकर तर बसलेच, शिवाय पूर्वी या कंपन्यांची चाकरी केलेले किंवा त्यांना सल्ला देऊन मानधन घेणारे आणखी काही जण बसले. आरोपीने न्यायाधीश निवडावा आणि वर आपला वकीलही न्यायासनावर बसवावा, अशी ही व्यवस्था होती.

सी. बी. एस.चे फ्रँक स्टॅन्टन यांनी, जे स्वतः मानसशास्त्रातले पदवीधर होते, अशा प्रकारे नावे वगळण्यास नकार दिला, एवढे त्यांच्या बाजूने नमूद करणे न्यायाचे होईल. इतरांनी सात नावांवर फुली मारली. हे सात कोण, ते वर्षभर जनतेला कळलेच नाही. १९७०च्या मे महिन्यात ‘सायन्स’ या साप्ताहिकाने ती यादी फोडली तेव्हा असे दिसून आले की, त्या काळी या विषयावर प्रत्यक्ष प्रयोग केलेल्या मंडळींतील अग्रगण्य नावेच तीत होती. विस्कॉन्सिनचे लेनर्ड बर्कोविट्झ त्यांत होते, बालमनोरोगतज्ज्ञ लिऑन आयसेनबर्ग होते, पर्सी टॅननबॉम होते, आणि सर्वांत ठळक नाव होते स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अल्बर्ट बंडुरा यांचे. ज्यांनी विषयाचा अभ्यास केला होता ते अभ्यासामुळेच पक्षपाती ठरले, आणि ज्यांनी केला नव्हता ते निःपक्षपाती. गंमत अशी की, याच विषयावर १९५६ साली बालवाडीतल्या मुलांना व्यंगपट दाखवून प्रयोग करणाऱ्या स्टॅनफर्डच्याच आल्बर्टा सीगल यांना मात्र समितीवर घेण्यात आले. त्यांच्या त्या प्रयोगात निःसंदिग्ध असे काही आढळले नव्हते.

बंडुरा यांच्यावर एवढा रोष का, हे समजण्यासाठी त्यांच्या प्रयोगशाळेत थोडे थांबले पाहिजे, आणि मला तर असे वाटते की या साऱ्या प्रकरणाचे मर्म समितीसाठी पुढे तयार झालेल्या पाच खंडांपेक्षा त्या बालवाडीच्या खोलीतच अधिक स्पष्ट दिसते. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या प्रयोगात डोरोथिआ रॉस आणि शीला रॉस या त्यांच्या सहकारी होत्या. विद्यापीठाच्या बालवाडीतील छत्तीस मुलगे आणि छत्तीस मुली, वय तीन ते पावणेसहा वर्षे. मुलाला एका कोपऱ्यात चिकटचित्रे व ठसे देऊन बसवावयाचे. समोरच्या कोपऱ्यात एक मोठे माणूस, कधी पुरुष तर कधी स्त्री, आणि त्याच्याजवळ एक लाकडी हातोडी व हवा भरलेला, ढकलला तरी पुन्हा उभा राहणारा, माणसाएवढा बाहुला. मिनिटभर ते मोठे माणूस शांतपणे खेळे, मग त्या बाहुल्यावर बसून त्याच्या नाकावर गुद्दे मारी, हातोडीने डोके ठोकी, लाथ मारून खोलीभर उडवी, आणि तोंडाने ठराविक उद्गार काढी. त्यानंतर मुलाला दुसऱ्या खोलीत नेऊन, उत्तम खेळणी दाखवून व लगेच काढून घेऊन, थोडे चिडविले जाई. आणि शेवटी तिसऱ्या खोलीत, जिथे छोटा बाहुला, हातोडी, खेळण्यातल्या बंदुका, रंगीत खडू, बाहुल्या आणि चहाची लहान भांडी मांडलेली असत, तिथे सोडून देऊन आरशाआडून वीस मिनिटे त्याच्या हालचाली टिपल्या जात. ज्यांनी मारहाण पाहिली होती त्या मुलांपैकी अनेकांनी ती जशीच्या तशी, त्याच शब्दांनिशी करून दाखविली. दोन वर्षांनी तीच मारहाण चित्रपटावर आणि मांजराचा पोशाख घातलेल्या पात्राच्या रूपाने दाखविली, तेव्हाही तेच घडले. आणि तिथेच कंपन्यांची धाबी दणाणली.

पण १९६१च्या पहिल्या प्रयोगाच्या निबंधात आणखी एक गोष्ट नोंदविलेली आहे, जिच्याकडे त्या धामधुमीत फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुरुषाने बाहुल्याला बदडले तेव्हा मुलांनी त्याच्या पराक्रमाची वाहवा केली. स्त्रीने तेच केले तेव्हा, बायकांनी असे वागायचे नसते, ही काय बाईमाणसाची रीत झाली, अशा अर्थाचे उद्गार त्या चार-पाच वर्षांच्या चिमुकल्यांच्या तोंडून निघाले. मुलगे बंदुकांकडे वळले, मुली चहाच्या भांड्यांकडे. हिंसा कोणी करावयाची आणि कोणी पाहावयाची याचे संपूर्ण धर्मशास्त्र ती मुले घरून व पडद्यावरून पाठ करूनच त्या खोलीत आली होती. १९६५ साली बंडुरा यांनी तेहतीस मुलगे व तेहतीस मुली घेऊन हा प्रयोग आणखी पुढे नेला: चित्रपटाच्या शेवटी मारणाऱ्याला कधी बक्षीस, कधी शिक्षा, कधी काहीच नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी कमी अनुकरण केले, आणि त्यांतही मुलींनी फारच कमी. मग प्रत्येकाला सांगण्यात आले की, त्या माणसाने जे जे केले ते ते करून दाखविल्यास सरबत व चित्रे मिळतील. असे म्हणताच शिक्षा पाहिलेले आणि बक्षीस पाहिलेले यांतला भेद नाहीसा झाला, आणि मुलगे-मुली यांतील अंतरही जवळजवळ मिटले. म्हणजे मुलींनी सारे पाहिले होते, सारे शिकून घेतले होते, फक्त दाखविले नव्हते. शिकणे आणि करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हा बंडुरा यांचा सिद्धांत मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गेला. त्या सिद्धांताचा मुलींशी जो संबंध होता तो मात्र तक्त्यांतच राहिला.

क्लॅपर यांच्यासारख्यांचा यावर आक्षेप असा की, बाहुला हा मारण्यासाठीच बनविलेला असतो, खोली कृत्रिम असते, आणि खऱ्या जगातील मुलावर आई, बाप, गल्ली, शाळा यांचे संस्कार एवढे प्रबळ असतात की माध्यम फार तर असलेली प्रवृत्ती पक्की करते. आक्षेप केवळ मालकाच्या मिठाचा नव्हता. क्लॅपर यांनी १९६० सालीच या विषयावर एक मान्यवर ग्रंथ लिहिला होता आणि त्याचे प्रतिपादन हेच होते. खोलीबाहेरचा पुरावा हवा ही अपेक्षा रास्तच होती. समितीसाठी दहा लक्ष डॉलर मंजूर झाले, तेवीस स्वतंत्र संशोधन-प्रकल्पांना त्यांतून रकमा वाटण्यात आल्या, आणि पाच खंड भरतील एवढा मजकूर दोन वर्षांत गोळा झाला.

त्यांतला सर्वांत वजनदार पुरावा न्यूयॉर्क राज्यातील कोलंबिया नावाच्या एका ग्रामीण जिल्ह्यातून आला, आणि तो जवळपास अपघातानेच हाती लागला होता. लिओनार्ड एरन व त्यांचे सहकारी १९६० साली तिथल्या तिसरीच्या ८७५ मुलांचा अभ्यास करीत होते, तो आईबापांच्या शिस्तीचा मुलांच्या भांडखोरपणाशी काय संबंध असतो हे पाहण्यासाठी. कोण विनाकारण मारामारी उकरून काढते, कोण ढकलाढकली करते, हे वर्गातल्या मुलांनाच एकमेकांविषयी विचारले होते. घरी आयांना विचारलेल्या प्रश्नांत शिक्षेच्या नाजूक विषयावर येण्यापूर्वी मन मोकळे व्हावे म्हणून काही निरुपद्रवी प्रश्न पेरले होते, आणि मुलाच्या आवडीचे दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम कोणते हा त्यांपैकी एक होता. दहा वर्षांनी मन्रो लेफ्कोविट्झ व एरन यांनी त्यांपैकी ४२७ जणांना पुन्हा गाठले. आठव्या वर्षी हिंसक कार्यक्रम आवडणारे मुलगे एकोणिसाव्या वर्षी, त्यांचा लहानपणीचा भांडखोरपणा जमेस धरूनही, अधिक आक्रमक आढळले. उलट बाजूने पाहू जाता, लहानपणच्या भांडखोरपणावरून पुढची आवड सांगता येत नव्हती. कारण कोणते आणि कार्य कोणते, याविषयीचा एवढा सरळ इशारा या क्षेत्रात पूर्वी मिळाला नव्हता.

आणि मुली? मुलींच्या रकान्यात असा कोणताही संबंध दिसत नव्हता. संशोधकांनी स्वतः त्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला: मुलींना लहानपणापासून आक्रमकता दडपावयास शिकविले जाते, आणि पडद्यावर हात उगारणारी स्त्री त्या काळी क्वचितच दिसे, तेव्हा मुलींनी अनुकरण करावयाचे कोणाचे? हा खुलासा विचारपूर्वक केलेला होता. पण समितीच्या दृष्टीने ज्या अर्थी मुलींनी कोणास मारले नाही, त्या अर्थी मुलींवर परिणाम नाही. आणि परिणाम सार्वत्रिक नसून काही मुलांपुरताच आहे, असे म्हणू पाहणाऱ्यांना तर हा कोरा रकाना सोयीचाच होता.

वास्तविक त्याच पाच खंडांत, फिलाडेल्फियाच्या जॉर्ज गर्बनर यांच्या प्रकल्पात, या कोड्याचा दुसरा अर्धा भाग पडून होता. गर्बनर हे बुडापेस्टचे. लोककथांचे अभ्यासक आणि तरुणपणी कवी. फॅसिझमच्या छायेतून निसटून अमेरिकेत आलेले. गोष्टी कोण सांगतो यावर राज्य कोणाचे हे ठरते, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी आयसेनहॉवर आयोगासाठी आणि नंतर सर्जन जनरल यांच्या समितीसाठी १९६७ पासून दरवर्षी शरद ऋतूतील एका आठवड्याची सारी नाट्ये व मुलांचे व्यंगपट पाहून, त्यांतील प्रत्येक प्रहाराची मोजदाद केली. दहांपैकी सुमारे आठ कार्यक्रमांत हिंसा होती आणि शनिवारी सकाळी मुलांसाठी म्हणून दाखविल्या जाणाऱ्या व्यंगपटांत ती सर्वांत दाट होती. मोजदादीत त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली: मारतो कोण आणि मार कोणाला बसतो. प्रमुख पात्रांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पुरुष. स्त्रिया थोड्या, आणि ज्या हिंसेच्या कक्षेत येत त्या बहुधा मारणाऱ्यांत नसत, मार खाणाऱ्यांत असत. गर्बनर यांच्या मते पडद्यावरची हिंसा हा सत्तेचा वस्तुपाठ आहे. कोण कोणाचे काय करू शकतो आणि वर मोकळा सुटू शकतो, हे ती रोज शिकविते. हा वस्तुपाठ मुलगा व मुलगी शेजारी बसून पाहतात, आणि एक हातोडी उचलावयास शिकतो तर दुसरी आपण कोणत्या बाजूला आहोत हे शिकते. दुसऱ्या शिक्षणाने कोणाचे नाक फुटत नाही म्हणून ते कोणत्याही तक्त्यात आक्रमकता म्हणून दिसत नाही.

गर्बनर यांचा रकाना आणि एरन यांचा रकाना शेजारी ठेवून वाचण्याची बुद्धी समितीला झाली नाही. तिची सारी शक्ती एका वाक्याच्या मसुद्यावर खर्च होत होती. अहवाल एकमताने व्हावा असा आग्रह असल्यामुळे, कंपन्यांच्या नोकरांची सही मिळेपर्यंत प्रत्येक शब्द घासून गुळगुळीत करण्यात आला. अखेर जे उरले त्याचा आशय असा: हिंसा पाहणे व आक्रमक वर्तन यांत कार्यकारणसंबंध असल्याचे प्राथमिक व तात्पुरते सूचन मिळते, तो संबंध असलाच तर काही मुलांपुरता, जी मूळचीच आक्रमकतेकडे झुकलेली असतात, आणि तोही काही परिस्थितींपुरता. तीन पायऱ्यांवर तीन अडसर. अहवाल प्रसिद्ध होण्यापूर्वीच त्याचा सारांश ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे दूरचित्रवाणी-समीक्षक जॅक गूल्ड यांच्या हाती लागला, आणि १९७२च्या जानेवारीच्या ११ तारखेस त्या पत्राच्या पहिल्या पानावर, दूरचित्रवाणीवरील हिंसा तरुणांस अपायकारक नाही असा निर्वाळा मिळाल्याची बातमी झळकली. गूल्ड यांना दोष देण्यात फारसा अर्थ नाही. एवढ्या अडसरांतून कोणाही घाईतल्या वाचकाला तेच दिसले असते. पण प्रकल्पांवर राबलेले संशोधक संतापले. लेफ्कोविट्झ यांनी आपल्या निष्कर्षांचा विपर्यास झाल्याची तक्रार केली, आणि सात फुल्यांची जुनी हकीकत पुन्हा वर आली.

पास्टोर यांना हा निवाडा नको होता. त्यांनी मार्चमध्ये चार दिवस जाहीर जबान्या घेतल्या, आणि उलटतपासणीतल्या मुरब्बीपणाचे फळ त्यांना इथे मिळाले. एकेका सभासदाला समोर बसवून, परिभाषेचे सारे बुरखे बाजूस सारून, संबंध आहे की नाही एवढेच त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले. आणि समितीच्या बैठकीत शब्दाशब्दावर अडून बसलेले सभासद, क्लॅपर यांच्यासह, साध्या प्रश्नापुढे एकेक पायरी खाली उतरले. स्टुअर्ट यांच्या जागी आलेले सर्जन जनरल जेसी स्टाइनफेल्ड यांची साक्ष सर्वांत गाजली. सामाजिक घटनांविषयीचा पुरावा सर्व शास्त्रज्ञांचे एकमत होईल इतका स्वच्छ कधीच नसतो, परंतु कृती करण्यास पुरेसा झाला असे म्हणण्याची एक वेळ येते आणि ती आता आली आहे, या आशयाचे त्यांचे उद्गार पुढे दोन दशके प्रत्येक चौकशीत उद्धृत होत राहिले. ए. बी. सी. कंपनीचे एल्टन रूल यांनीही, काही मुलांतील आक्रमकता वाढू शकते हे आता मान्य करून त्याप्रमाणे कार्यक्रमांची आखणी करावी लागेल, असे कबूल केले. तंबाखूच्या वेळी अहवालाने जे साधले ते इथे अहवालाच्या उलटतपासणीने साधले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

मग कृती काय झाली? स्टाइनफेल्ड यांनी १९७३च्या आरंभी पद सोडले आणि सर्जन जनरल यांची खुर्ची पुढे १९७७ पर्यंत रिकामी राहिली. हंगामी अधिकाऱ्यावर काम भागविण्यात आले. गर्बनर यांची वार्षिक मोजदाद सरकारी खर्चाने चालू राहिली आणि ती प्रसिद्ध झाली की दरवर्षी कंपन्या तिच्या रीतीवर हरकत घेत. १९७५ साली केंद्रीय दळणवळण आयोगाचे अध्यक्ष रिचर्ड वायली यांच्या दडपणाने कंपन्यांनी संध्याकाळचा पहिला तास कुटुंबासाठी सोवळा ठेवण्याचे मान्य केले. नॉर्मन लिअर प्रभृती निर्मात्यांनी व लेखकांच्या संघाने दावा लावला, आणि १९७६च्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिसचे न्यायाधीश वॉरन फर्ग्युसन यांनी, सरकारने पडद्याआडून दबाव आणून हे करविले, सबब ते घटनेतील भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे, असा निकाल दिला. हा निकाल मला स्वतःला बरोबर वाटतो. हुकूम द्यावयाचा तर तो उघड द्यावा.

मुलींचा प्रश्न दुसऱ्याच वाटेने पुढे आला आणि तो आणणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. १९६९च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’मध्ये, जो कार्यक्रम हिंसक पडद्याला उत्तम पर्याय म्हणून सर्वत्र वाखाणला जात होता, सुझन हे पात्र केवळ गृहिणी आहे अशी स्त्रीसंघटनांनी तक्रार केली, तेव्हा निर्मात्यांनी तिला परिचारिकेची नोकरी दिली. १९७४ साली सारा स्टर्नग्लांझ व लिसा सर्बिन यांनी मुलांच्या लोकप्रिय कार्यक्रमांचे पृथक्करण करावयास घेतले, तर कित्येक कार्यक्रम आरंभीच वगळावे लागले, कारण त्यांत तुलनेसाठी घ्यावे असे स्त्रीपात्रच नव्हते. उरलेल्या दहांत पुरुषपात्रे काही करीत तेव्हा त्यांना बक्षीस मिळे किंवा शिक्षा मिळे. स्त्रीपात्रे काही करीत तेव्हा बहुधा काहीच घडत नसे, आणि त्या फार हालचाल करू लागल्या तर शिक्षा होई. ज्यांनी बंडुरा यांचा १९६५चा प्रयोग वाचला आहे त्यांना या तक्त्याचा अर्थ लावण्यास वेळ लागणार नाही. १९७७ साली अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने स्त्रिया व अल्पसंख्य यांच्या पडद्यावरील स्थानाविषयी जो अहवाल काढला, त्याने गर्बनर यांच्याच नोंदींचा आधार घेतला. पाच वर्षांपूर्वी समितीच्या खंडांत दुर्लक्षित पडलेली मोजदाद अशी दुसऱ्या खात्याच्या कामी आली.

एरन यांचा कोरा रकानाही कोरा राहिला नाही. १९७७ पासून रोवेल ह्युसमन यांच्यासह त्यांनी शिकागोच्या परिसरातील मुलांवर आणि फिनलंड, पोलंड, इस्रायल व ऑस्ट्रेलिया या देशांत तोच अभ्यास पुन्हा मांडला, तेव्हा अमेरिकेतील मुलींतही हिंसा पाहणे व आक्रमक वागणे यांत संबंध आढळला. मधल्या काळात ‘चार्लीज एंजल्स’सारख्या मालिकांतून हाणामारी करणाऱ्या नायिका पडद्यावर आल्या होत्या, आणि मुलींनी सोसावे हा घरोघरचा नियमही सैल झाला होता. शिकागोच्या त्या मुली मोठ्या झाल्यावर पुन्हा गाठण्यात आल्या, आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की, लहानपणी हिंसक कार्यक्रम खूप पाहिलेल्यांत रागाच्या भरात नवऱ्यावर वस्तू भिरकावणाऱ्यांचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक होते. वृत्तपत्रांनी ते ठळक छापले. ज्यांनी काहीच भिरकावले नाही त्या मुलींनी त्याच पडद्यासमोर बसून काय आत्मसात केले, याविषयी या अभ्यासातही प्रश्न नव्हता, कारण तो याही वेळी मारणाऱ्यांची गणती करण्यासाठीच आखलेला होता.